टिकली तीनवर

नीळकंठराव कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झाले, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांना मिक्सिंग अँप्लिफायर भेट दिला. बारामतीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली त्याला जागा मिळाली. पुढच्या तीन संध्याकाळी त्यांनी पत्नीला बटणं शिकवली. पहिलं त्यांच्या माइकचं, दुसरं तिच्या माइकचं, मग बास, ट्रेबल, आवाज घुमवणारा एको, आणि शेवटी सगळ्यांचा साहेब, मास्टर. श्यामलाबाईंनी चौथ्या दिवशी आपल्या बटणाशेजारी सहाच्या आकड्यावर एक लाल टिकली लावून टाकली. काटा टिकलीपाशी आणला की झालं.

दोघं रोज पाच वाजता भक्तिगीतं म्हणत. एकदा खालच्या मजल्यावरची दीप्ती जिन्यात म्हणाली, "काकू, काय आवाज हो तुमचा!" मग शिष्टाचार आठवून वळली. "काका, तुम्ही पण असता ना तेव्हा?"

नागपंचमीच्या सकाळी धूळ पुसता पुसता नीळकंठरावांच्या हातून टिकली सहावरून तीनवर गेली. धूळ पुसताना असं होऊ शकतं. फक्त त्यांनी ती नखानं दाबून पक्की बसवली, ते धुळीत बसत नव्हतं.

त्या संध्याकाळपासून पत्नीचा माइक निम्म्यावर आला आणि एको सगळाच त्यांच्या वाट्याला. श्यामलाबाई जोर लावून गात आणि खोकत.

"माझा आवाज बसला वाटतं."

"वय झालं की होतं," नीळकंठराव म्हणाले. हे त्यांनी माइकशिवाय, अगदी स्पष्ट म्हटलं.

मग घरात ज्येष्ठमध आलं, मिठाच्या गुळण्या आल्या, आणि ताक गेलं. श्यामलाबाई मूळच्या बावड्याच्या; ताकाशिवाय त्यांना घास उतरत नसे. घशाच्या डॉक्टरनं टॉर्च मारून पाहिलं आणि घशात काहीच नाही, असं सांगितलं. शेजारी फाइल धरून बसलेल्या नीळकंठरावांना टॉर्च आपल्यावरच मारल्यासारखा वाटला. टिकली परत न्यायची, असं ते रोज ठरवत. पण आवाज एकदम परत आला तर ती विचारणार नाही का, कसा?

मार्गशीर्षात तिच्या धाकट्या भावाची, मोहनरावांची, बावड्यातल्या नव्या घराची वास्तुशांत निघाली.

"ताई, तुझं गाणं हाय," मोहनराव फोनवर म्हणाले.

"माझा आवाज गेला रे. हे गातील."

"दाजी?... बरं. पण ताई, आईफुडं कबूल केलं व्हतंस. माझ्या घरात पयलं गाणं तुझं."

श्यामलाबाईंनी डोळे पुसले आणि आपला माइक वायर गुंडाळून कपाटात ठेवला.

वास्तुशांतीच्या दिवशी नीळकंठरावांनी अँप्लिफायरबरोबर तिचा माइकही गाडीत घातला. मांडवात वायरी जोडून झाल्यावर त्यांनी पत्नीला बोलावलं.

"टिकली मी हलवली. सहावर होती. तुझा आवाज कुठंही गेलेला नाही."

सहापाशी डिंकाचा गोल डाग होता. श्यामलाबाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

"कधी?"

"नागपंचमीला."

"व्हय?" त्या रागावल्या की थेट बावड्याच्या होत. "चार म्हैनं ताक सोडलंय मी!"

"मी पण तुझ्यासमोर नाही प्यायलो."

"म्हंजी चोरून प्यालात?"

नीळकंठरावांनी मान हलवली. एक गुन्हा कबूल करायला आले होते, दोन निघाले.

"संजीवनी, ताक आण गं!" श्यामलाबाईंनी भावजयीला हाक मारली. दोन पेले उभ्याउभ्या रिकामे झाले. मग त्यांनी टिकली उचकटून नवऱ्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवली, आपला काटा सहावर नेला, एको शून्यावर आणला आणि गायल्या.

आचारी झारा हातात धरून तसाच उभा राहिला. मोहनराव उघड रडले. नीळकंठरावांना रडायचीही सोय नव्हती, कारण डोळे पुसायला मान वर करावी लागली असती.

"आता तुमी," श्यामलाबाई म्हणाल्या. एकोच्या बटणावरचा हात त्यांनी काढला नाही.

नीळकंठराव गायले. सगळी कडवी गायले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मोहनराव काळजीनं जवळ आले.

"दाजी, माइक चालू व्हता का?"

"होता," नीळकंठराव म्हणाले. "आवाजच एवढा आहे माझा."