बारा ते दोनचा पहारा

या, अशा जवळ सरकून बसा. टाळकरी अजून जेवतायत, कीर्तनाला वेळ आहे. तोवर डोंगरकडा गावच्या जळबाआबांची गोष्ट सांगते.

मेंढ्या राखण्यात जन्म गेला आबांचा. पण गावच्या सप्ताहात दुपारी बारा ते दोन वीणेचा पहारा त्यांचाच, चाळीस वर्षं. सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकू द्यायची नसते. एकाच्या गळ्यातली थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. एका साली आबांना उभ्या उभ्या डुलकी लागली आणि वीणा खांबावर आदळली. पुढच्या साली पहाऱ्याच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं.

"काहून रं रामकिशन?" त्यांनी यादी लिहिणाऱ्याला विचारलं.

"तुमाला तकलीफ नको म्हणून, आबा."

"मला, का तुमाला?"

रामकिशन हसला. नाव मात्र घातलं नाही.

त्या संध्याकाळी शिवप्रसाद महाराजांचं कीर्तन. महाराज पूर्वी कळमनुरीला शाळेत इतिहास शिकवायचे, त्यामुळे आख्यान कुठे जाईल याचा नेम नसे. त्या दिवशी ते रोमला गेलं. चोवीसशे वर्षांमागे उत्तरेकडून गॉल लोक चालून आले, रोमची फौज नदीकाठी मोडली. तरणी माणसं बायकालेकरं घेऊन टेकडीवरच्या गडावर चढली. गडावर दाणा थोडा. तेव्हा म्हातारे आपणहून म्हणाले, आम्ही खालीच राहतो. मानाची वस्त्रं नेसून, हातात काठी घेऊन ते आपापल्या दारात खुर्चीवर बसले. गॉल शिरले तर शहर सुनं, आणि दारोदारी हे पांढऱ्या दाढीचे देव. मूर्ती की माणूस, कळेना. एकाने धीर करून एकाची दाढी कुरवाळली. म्हाताऱ्याने काठी हाणली त्याच्या डोक्यात.

"मंग?" आबांनी भर कीर्तनात विचारलं.

"मंग काय, मारले समदे म्हातारे. पर गड राहिला, आबा," महाराज हळूच म्हणाले आणि विठ्ठलाचा गजर धरला.

घरी जाताना आबांना आपली आळी निराळीच दिसली. निंबाखालच्या एकेका ओट्यावर त्यांचे कधीचे गेलेले सोबती पांढऱ्या धोतरात बसले होते, अंगावर चांदणं घेऊन. आबांनी प्रत्येकाला रामराम घातला.

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर, फेटा, अशा थाटात आबा देवळाच्या पायरीवर येऊन बसले. मागितलं काहीच नाही. बारा वाजले, पंगत बसली. वीणा रामकिशनच्या गळ्यात, आणि पुढच्या पहाऱ्याचा गडी शिरड शहापूरला अडकलेला. रामकिशन वीणेसकट पायरीपर्यंत आला.

"आबा, घेता का? उपाशी हाय मी."

"यादीत न्हाई मी."

"आता किती छळता?"

आबा उठले.

उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत गेला. तारा मंद वाजत होत्या. आबा डोळे मिटून उभे. आपल्याभोवती सगळा कळप शांत रवंथ करत बसलाय असं त्यांना वाटत होतं. रामकिशन जेवून आला आणि थबकला. आबा हलेनात. त्याने घाबरत पुढे होऊन त्यांच्या दाढीला बोट लावलं.

"जागा हाय," आबा डोळे न उघडता म्हणाले. "हातात वीणा हाय म्हणून वाचलास."

वाढणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

दोन वाजले, पण दोनच्या पहाऱ्याचा गडीही अजून आला नव्हता. रामकिशन पुन्हा पुढे झाला. "चुकलं माझं. पुढल्या साली बारा ते दोन तुमचंच लिहितो."

"न्हाई." आबांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली, पट्टा सारखा केला. "काल ऐकलं न्हाईस का? त्या म्हाताऱ्यायला कुणी खाली ठेवलं न्हवतं. ते आपणहून राहिले. मीबी आता आपणहून मागं राहतो."

वीणा देता-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं असतं. आबांचे गुडघे वाकेनात. रामकिशन एका हाताने वीणा सावरत दोनदा वाकला.

पुढच्या सप्ताहाआधीच आबा गेले. दुपारी लोक जेवायला पांगतात, तेव्हा देवळात विणेकरी एकटाच उभा असतो बघा. त्याच्यासमोर घटकाभर बसा, आणि आमच्या जळबाआबांची आठवण काढा.