बसून वाजवायचं

"अहो, पण पियानो बसून वाजवतात ना?"

बायको हे म्हणाली तेव्हा पैलवानाचा उजवा हात पियानोवर सी मेजरचे सूर चढून वर पोचला होता आणि आता उतरायच्या बेतात होता. तो तिथेच थांबला. घरी विसरलेला डबा द्यायला ती पहिल्यांदाच गोदामात आली होती. गोधड्यांत गुंडाळलेल्या पियानोंच्या गर्दीतून अंग चोरत आत आली आणि आल्या आल्या हे बोलली.

पैलवानाने त्याला शिकवणाऱ्या सूरबाईंकडे बघितलं. सूरबाईंनी पैलवानाकडे. दोघंही उभे होते. आठ महिने दोघंही उभेच होते आणि दोघांच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. परीक्षा चार दिवसांवर होती.

गोदामात पियानो जमिनीवर नसतो. चार चाकांच्या लाकडी गाड्यावर असतो, केव्हाही ट्रककडे ढकलता यावा म्हणून. त्यामुळे पट्ट्या वीतभर उंच येतात. पैलवान बुटका आणि आडवा, त्याला त्या उभ्याने अगदी बेताच्या होत्या. सूरबाईंचं तर आयुष्य पियानो सुरात लावण्यात गेलेलं. चाळीस वर्षं त्या पियानोच्या उघड्या पोटात डोकं घालून उभ्या, एका हाताने तारांची किल्ली पिरगाळायची, दुसऱ्याने पट्टी ठोकायची. त्यांनी जसं स्वतः केलं तसं शिकवलं.

आणि पैलवान बसणार कसा? तो एकतीस वर्षं पियानो वाहत होता. गिऱ्हाइकाच्या सामानावर टेकायचं नाही, हे मुकादमाने पहिल्या दिवशी सांगितलं. पुढे ते घराघरांतून ऐकायला मिळालं. चार मजले जिना चढून, कपड्यांतून घाम गळणारा माणूस दारात उभा असायचा आणि आतून गोड आवाज यायचा, "स्टुलावर नका हं बसू, नवीन आहे." पाणी विचारायला लोक विसरतात, हे विसरत नाहीत. हा नियम कुठे लिहिलेला नाही. लिहिलेला असता तर फाडता तरी आला असता.

पैलवानाची पाठ गेली होती. वाकला की उठताना भिंत लागायची. मालकाने सांगून टाकलं होतं, हा मोसम संपला की घरी बसा. तिकडे सूरबाईंना वरचे बारीक सूर ऐकू येईनासे झाले होते आणि त्यांना मदतीला माणूस हवा होता. त्या मालकाला म्हणाल्या, पाठ गेली तरी याचा कान शाबूत आहे. ट्रक खड्ड्यातून गेला की आतली कुठली तार उतरली, ते हा गाडीत बसून सांगतो. मालक हसला.

"हमालाच्या हातात किल्ली दिली तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर काय बोलेल? वाजवता येतं असा कागद आणा. मग बघू."

म्हणजे एकतीस वर्षं अख्खा पियानो याच्या खांद्यावर दिला तेव्हा कागद लागला नाही. वीतभर किल्ली द्यायची तर कागद.  पैलवानाने पियानोच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेचा फॉर्म भरला. वय लिहायच्या रकान्यात दोनच चौकोन होते आणि छोट्या अक्षरांत उदाहरण दिलं होतं, ०७. त्याने ५७ लिहिलं.

परीक्षेला दोन स्केल, म्हणजे सुरांचे चढउतार, आणि तीन पीस. पहिला 'बदकांची रांग', दुसरा 'घसरगुंडी', तिसरा 'पेंगुळलेलं घड्याळ'. पुस्तकावर टोपी घातलेलं बदक. हे पुस्तक पैलवान वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. त्याची बोटं जाड, उजव्या तर्जनीचं नख कधीकाळी पियानो आणि भिंत यांच्यामध्ये सापडून चपटं झालेलं. स्केलमध्ये तिसऱ्या बोटानंतर अंगठा खालून पुढे न्यायचा असतो, तिथे तो महिनाभर अडकला. मग सूरबाई म्हणाल्या, जिन्याच्या वळणावर तुम्ही काय करता? खालचा माणूस आत शिरतो आणि वरचा फिरतो. तसाच अंगठा आत शिरू द्या. दुसऱ्या दिवसापासून स्केल वळणावर अडकलं नाही.

घरी तो जेवायच्या टेबलाच्या कडेवर सराव करायचा. तिथेही उभ्याने. मेव्हणा आला की ठरलेलं विचारायचा, "काय दाजी, बदकं तळ्यावर पोचली का?" पैलवान म्हणायचा, पोचली, तुझी वाट बघतायत.

तर असे आठ महिने गेले आणि आता बायकोने हे विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत चौघा हमालांनी पियानो गाड्यावरून खाली घेतला. पैलवान खोक्यावर बसला आणि सगळं गेलं. पट्ट्या भलत्याच जागी आल्या, कोपर कुठे ठेवावं कळेना, जी मेजरमधली काळी पट्टी तर सापडेचना. बदकं तीन पावलांत सांडली. सूरबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या की चूक माझी, आणि ही बाई चूक कबूल करते म्हणून गोदामात कुणी जोरात श्वाससुद्धा घेतला नाही.

बायको मात्र रंगात आली. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची, तीस वर्षं, दिवसाचे आठ तास. बसण्यातलं मला सांगू नका, म्हणाली. अर्ध्याच बुडावर बसा. पाय सपाट. खांदे सोडा, कुणी मारत नाहीये. चार दिवस ती कामावरून परस्पर गोदामात यायची आणि मागे उभी राहून त्याचे खांदे दाबायची. हळूहळू स्केल जागेवर आले. पीसही आले. पण जरा नेट लावायची वेळ आली की पैलवान नकळत अर्धा उठायचा.

"काय होतं हो तुम्हाला?" तिने विचारलं.

तो पुन्हा खोक्यावर टेकला.

"बूड टेकलं की वाटतं, आता आतून कुणीतरी ओरडणार."

 खांद्यांवरचे हात तिने तसेच ठेवले.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या खोलीत सगळी सात-आठ वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया. पैलवान इस्त्रीचा शर्ट घालून दारापाशी उभा. एका बाईने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली की आत परीक्षा चालू आहे, पियानो संध्याकाळी हलवा.

"हलवायला नाही आलो," पैलवान म्हणाला. "चार नंबर माझा. तुमच्या मुलीचा कितवा?"

मुलीचा पाचवा होता. ती रडवेली झाली होती. पैलवानाने तिला विचारलं, कुठला पीस अवघड जातो? घसरगुंडी, ती म्हणाली. मलाही, पैलवान म्हणाला. तिचं रडणं थांबलं. आईचं तोंड मात्र बघण्यासारखं झालं.

आत गेल्यावर त्याने आधी पियानो बघितला आणि त्याला हसू आलं. पियानोच्या डाव्या पायावर खरचटलेलं होतं. हा त्यानेच वर आणलेला होता, बारा वर्षांपूर्वी, अरुंद जिन्याने. खरचटणं दुसऱ्या वळणावरचं. चपटं नखही त्याच वळणावरचं.

परीक्षक बाई कागदातून मान वर न करता म्हणाल्या, "बसा."

तो स्टुलापाशी गेला. आधीच्या पोरासाठी ते उंच केलेलं होतं. त्याने बैठक पालथ्या हाताने दोनदा फिरवून खाली घेतली. अर्ध्या बुडावर बसला. पाय सपाट. कुणी ओरडलं नाही.

सी मेजर चढलं, वळलं, उतरलं. जी मेजरमधली काळी पट्टी सापडली. बदकं रांगेत निघाली ती एकही न सांडता तळ्यावर पोचली. मग घसरगुंडी. तिच्यात शेवटच्या दोन ओळी जोरात वाजवायच्या असतात. तिथे पोचल्यावर पैलवानाने नेट लावला, आणि पीस संपला तेव्हा त्याला दिसलं की आपण उभे आहोत. सूर एकही चुकला नव्हता, पण तो उभा होता. स्टूल मागे सरकलेलं. परीक्षक बाईंनी आता मात्र मान वर केली होती.

"माफ करा," तो म्हणाला. "सवय आहे."

"कसली?"

"हा वर मी आणला होता."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, पियानोच्या पायाकडे बघितलं. मग उठल्या, स्टूल स्वतः पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, घड्याळ राहिलंय. पैलवान बसला. घड्याळ पेंगत पेंगत शेवटपर्यंत नीट वाजलं.

तीन आठवड्यांनी कागद आला. शंभरात शहात्तर, उत्तीर्ण. खाली शेरा होता, "ठेका भक्कम. बसून वाजवण्याची सवय करावी." बायकोने तो शेरा मेव्हण्याला दोनदा वाचून दाखवला. मालकाने कागद उलटसुलट करून बघितला, उजेडात धरला, आणि किल्ल्यांची पिशवी पुढे सरकवली.

नव्या कामाच्या पहिल्या दिवशी पाचवा मजला होता. चौघं पियानो वाहत होते आणि पैलवान हातात पिशवी घेऊन मागून चढत होता. त्याचे रिकामे खांदे दर वळणावर आपोआप पुढे झुकत होते. तिसऱ्या वळणावर त्याने खालच्याला सांगितलं, आत शीर आता. तो शिरला.

पियानो भिंतीला लागला. स्टूल मागून आलं. घरमालकीण दारात उभी होती. तिने घामेजलेल्या चौघांकडे बघितलं, मग पैलवानाकडे, आणि गोड आवाजात म्हणाली, "त्याच्यावर नका हं बसू कुणी. नवीन आहे."

चौघं मागे सरले. पैलवानाने पिशवी खाली ठेवली. बैठक पालथ्या हाताने फिरवून बेताची केली आणि बसला. अर्ध्या बुडावर नाही, पूर्ण. सगळ्यात खालच्या सुरापासून त्याने सी मेजर सुरू केलं आणि सावकाश, एकही पायरी न चुकवता, पार वरच्या टोकापर्यंत नेलं. तितक्याच सावकाश खाली आणलं. मग मधल्या काळ्या पट्ट्या एकेक करून.

शेवटचा सूर विरेपर्यंत तो बसून राहिला. मग खिशातली पावती काढली.

"सगळे सूर पोचले," तो म्हणाला. "इथे सही करा."