नाडी थांबेपर्यंत

मेलेसेइनीला मुलगी झाली ती अगदी सुखरूप, आणि मग रक्त थांबेना. बेटावरची सुईण फुसीमावशी. तिनं मांडीत इंजेक्शन दिलं, जिभेखाली गोळ्या ठेवल्या, पोट चोळलं, वार पूर्ण पडली ना ते उलटसुलट करून पाहिलं. शिकवलेलं सगळं करून झालं. पुढची पायरी एकच, मोठ्या बेटावरच्या इस्पितळात न्या. ज्यानं ही पायरी लिहिली त्यानं टोंगातला रविवार काही पाहिलेला नसावा.

त्या रविवारी बेटावरचे पुरुष चर्चच्या मोठ्या सभेला गेलेले, बोटीही त्यांच्याबरोबर. मेलेसेइनीचा नवरा न्यूझीलंडात सफरचंदं तोडत होता. उरली एक बोट आणि ती चालवणारा एकच गडी, लिसियाते, आणि तो तिचा सख्खा भाऊ. बहीण निजते त्या खोलीत भावानं पाऊल टाकायचं नाही, ही तिथली रीत त्याला मिसरूड फुटलं तेव्हापासून ठाऊक. बाळंतपण तर लांबच राहिलं. तो प्रार्थनेतून तसाच धावत आला, चर्चमध्ये आदरासाठी बांधतात ती चटई कमरेला गुंडाळलेली, आणि इंजिनापाशी बसून नजर समुद्राला लावली. बाळ आत्याजवळ ठेवलं. ओहोटी लागली होती, आणखी एक माणूस घेतलं असतं तर बोट खडकाला घासली असती.

बोटीत फुसीमावशी मेलेसेइनीच्या बेंबीच्या वर मूठ रोवून, अंगाचा सगळा भार टाकून आतली मोठी रक्तवाहिनी दाबून धरत होती. दुसऱ्या हाताची बोटं जांघेतल्या नाडीवर. ती नाडी थांबली की दाब बरोबर. प्रशिक्षणात तिला हे भलतंच उफराटं वाटलं होतं. जीव वाचवायचा आणि नाडी बंद पाडायची? शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "वाटण्यावर जाऊ नका. हे करून पाहिलंय, तपासून पाहिलंय."

पण मावशीचा दंड आता लटपटायला लागला. बोटांखाली नाडी पुन्हा टुकटुकली आणि बोटीच्या तळाशी पाणी लाल झालं.

"लिसियाते, तुझी मूठ दे इकडे."

त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"अरे, बहिरा झालास का?"

"मावशी, बहीण आहे ती."

"म्हणूनच मागतेय."

मेलेसेइनीचे ओठ पांढरेफटक पडले होते. "त्याला नको, मावशी. त्यापेक्षा मला जाऊ दे."

"तू गप. लाज चार दिवसांत ओसरते. ती पोरगी संध्याकाळी दूध मागेल, तिला काय तुझी लाज पाजू?"

"खडकांमधून बोट तू नेशील का?" लिसियातेनं विचारलं.

"मला कुठली येतेय! बोट तूच ने. एक हात इंजिनावर, एक इथे. आणि खाली बघूच नकोस. खडकांकडे बघ. नाहीतरी तिथंच बघायचंय तुला."

एका हातानं कमरेची चटई सोडून लिसियातेनं न बघता पुढे केली. मावशीनं ती मेलेसेइनीच्या अंगावर पसरली. मेलेसेइनीनं फडक्यानं तोंड झाकून घेतलं. मावशीनं त्याची मूठ चटईखाली नेऊन जागेवर ठेवली.

"दाब. अजून. नांगर वर ओढताना जोर कुठून आणतोस? तिथून आण."

नाडी होती. अजून होती. मग बोटांखाली काहीच उरलं नाही.

"बस्स. असाच राहा."

दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या. बोट एकदा खडकाला खरवडली; लिसियातेच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण नजर खाली आली नाही. तोंडावरचं फडकं श्वासानं हलतंय की वाऱ्यानं, हे मावशीला कळेना. तिनं फडकं उचलूनही पाहिलं नाही. तेवढा धीर तिच्यात उरला नव्हता.

इस्पितळात तरुण डॉक्टर बऱ्याच वेळानं बाहेर आला. "वाचली," तो म्हणाला. "पण बेंबीच्या वर केवढा काळानिळा डाग पडलाय! दाबलं कोणी?"

लिसियाते भिंतीकडे बघत होता. "मी बोट चालवत होतो," तो म्हणाला.

डॉक्टरनं त्याच्या अजून न उघडलेल्या मुठीकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"मी दाबलं," फुसीमावशी म्हणाली, आणि आपला एवढासा हात तिनं पाठीमागे नेला.