खिशाची गोधडी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅम शहरात, पोलादाच्या कारखान्यामागच्या वस्तीत, ओझेला टॉल्बर्ट नावाच्या बाईनं मला शिवलं. माझं वय तीस वर्षं. गोधडीच्या मानानं हे म्हातारपणच, तेव्हा मधेच विषय भरकटला तर सांभाळून घ्या. आणि मला ब्लँकेट तेवढं म्हणू नका. ब्लँकेट दुकानात मिळतं.

ओझेला शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाकीण होती. चारशे पोरांना जेवू घालून घरी यायची आणि स्वतःपुरतं अंडं उकडायचाही कंटाळा करायची. तिला मूलबाळ नव्हतं. एका जानेवारीत तिच्या धाकट्या बहिणीची लेक वारली आणि तिचा तीन वर्षांचा लाव्हेल ओझेलाच्या दारात येऊन उभा राहिला. गोल गरगरीत पोरगं, डोळे रडून सुजलेले. ओझेला म्हणाली, "अगं बाई, हा तर भोपळा आहे भोपळा!" त्या दिवसापासून तो भोपळ्या झाला आणि ती त्याची मोठीआई.

भोपळ्याला झोप येईना. आईचा एक पिवळा झगा त्यानं बरोबर आणला होता, त्यात तोंड खुपसून हुंदके द्यायचा. ओझेलानं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी कात्री घेतली. पिवळा झगा तिनं माझ्या मधोमध लावला. भोवती तिच्या भावाची कारखान्यातली निळी पँट, तिचे स्वतःचे भटारखान्यातले पांढरे डगले, पिठाच्या धुतलेल्या पिशव्या. आत कापूस, वरून धावदोरा. घाई इतकी की टाके सगळे तिरके गेले. शेजारची व्हर्डेल बघायला आली आणि म्हणाली, "ओझेला, हे टाके आहेत का वरून कोंबडी चालत गेलीय?"

"कोंबडी तरी कामाची. तू नुसती बघायला येतेस," ओझेला म्हणाली. दोघींची मैत्री चाळीस वर्षांची. असंच बोलायच्या.

त्याच घाईत निळ्या पँटचा एक खिसा उसवायचा राहून गेला. तो माझ्या कोपऱ्यावर आजही आहे. मी काही फार देखणी नाही, पण खिसा असलेली गोधडी तुम्ही दुसरी दाखवा! त्या रात्री भोपळ्यानं पिवळ्या तुकड्यावर गाल टेकला, एक हात खिशात घातला आणि झोपून गेला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पुढं तो खिसा म्हणजे त्याचं कोठार झालं. मक्याच्या पावाचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, एकदा तर जिवंत बेडूक. मुंग्या माझ्या अंगावरून वराती काढायच्या. सहा वर्षांचा असताना त्यानं मोठीआईची काचेची परात फोडली. सांगायची छाती होईना. मग त्यानं वाकड्यातिकड्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, "परात मी फोडली. मांजरानं नाही." आणि खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी खिशात हात घातला तर चिठ्ठी गायब, आणि जागेवर पेपरमिंटची एक गोळी, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची. रविवारी चर्चला जाताना ओझेलाच्या पर्समध्ये असायची तीच. तोंडानं ती एक अक्षर बोलली नाही. गोळी म्हणजे माफ. गोळी खाल्ली की विषय संपला. मग ही रीतच पडली. शाळा बुडवली, चिठ्ठी. व्हर्डेलच्या झाडावरचे पीच चोरले, चिठ्ठी. त्या चिठ्ठीची गोळी मात्र तीन दिवसांनी मिळाली, कारण व्हर्डेल तीन दिवस बोंबलत होती.

भोपळ्या चौदा वर्षांचा झाला आणि माझी नोकरी बदलली. त्याचा मित्र डेक्स्टर, जाड चष्म्याचा, सतत काहीतरी चघळणारा पोरगा, कुठूनसा जुना कॉम्प्युटर आणि मायक्रोफोन घेऊन आला. भोपळ्याला रॅप करायचा होता. आमच्या घरात भिंतीत एक मोठं कपाट होतं, माणूस आत उभा राहील एवढं. दोघं त्यात शिरले, पण आवाज भिंतीवर आपटून परत यायला लागला.

"हा आवाज म्हणजे बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा," डेक्स्टर म्हणाला. "भिंतीवर काहीतरी जाड टांग."

आणि मला टांगलं. दोन खिळे ठोकून. माझ्या वरच्या काठाला ती दोन भोकं अजून आहेत. पण काय सांगू, त्या दिवशी मला माझं खरं काम सापडलं. भोपळ्या बोलायचा आणि भिंतीकडे जाणारा आवाज मी गिळून टाकायचे. मागं उरायचा तो निव्वळ त्याचा आवाज, मऊ, भरलेला, अगदी कानाशी बसून बोलल्यासारखा. कारखान्याचा भोंगा, बसथांब्यावरचं भांडण, भटारखान्यातली वाफ, सगळं त्याच्या रॅपमध्ये यायचं.

ओझेलाचा नियम एकच. ती बाहेरून हातातल्या डावानं दार बडवायची. "भोपळ्या! माझ्या गोधडीसमोर घाण बोललास तर जीभ साबणानं धुईन!"

"मोठीआई, रॅपमध्ये असंच असतं गं!"

"मग तो रॅप दुसऱ्याच्या घरी कर."

शिवी द्यायचीच झाली तर तो आधी पिवळ्या तुकड्यावर तळहात ठेवायचा, जसं काही आईचे कान झाकतोय. डेक्स्टर हसून हसून खाली बसायचा. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ही सर्वांत सुखाची वर्षं. लोक विचारायचे, पोराचा आवाज इतका उबदार कसा येतो? डेक्स्टर ऐटीत सांगायचा, "आमची मशीन वेगळी आहे." मशीन म्हणजे मी.

एकविसाव्या वर्षी अटलांटातल्या एका कंपनीनं त्याला बोलावलं. तिथं भिंतींना महागाचा स्पंज लावलेला होता म्हणे. कानामागून आला नि तिखट झाला! मी कपाटातच राहिले. भोपळ्या जाताना मला दोन्ही हातांनी कवळून गेला आणि म्हणाला, "लवकर येतो." कंपनीनं त्याचं नाव ठेवलं 'सोलो'. म्हणजे एकटा. तिथल्या एका माणसानं त्याला शिकवलं की, दोन वेळ जेवलेल्या पोराचा रॅप कोण ऐकणार? आई वारलेली आहेच, मग अनाथ हो की चांगला! हे मला फार पुढं डेक्स्टरकडून कळलं. तेव्हा गाण्याचं कळलं ते व्हर्डेलकडून.

ती धापा टाकत आली, हातात नातीचा फोन. "ओझेला, तुझ्या पोराचं गाणं सगळ्या देशात वाजतंय! पण ऐकू नकोस."

"ऐकू नको तर आणलंस कशाला? लाव."

एव्हाना ओझेलाला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. तिनं फोन डाव्या कानाला लावला. कपाटाचं दार उघडंच होतं, मीही ऐकलं.

"ना कुणाची कूस मला, ना कुणाचा हात,
थंडीत वाढलो उघड्यावर, अंगावर फक्त रात."

अंगावर फक्त रात! आणि मी? अठरा वर्षं मी काय त्या पोराच्या अंगावर नव्हते? थंडी वाजली तर पाय माझ्यात खुपसणारा, ताप आला की मला घामानं भिजवणारा हाच ना तो? मला संताप आला, आणि मग रडूच आलं. गोधडीचं रडणं आतल्या आत होतं, कापूस गोळा होतो.

ओझेला म्हणाली, "परत लाव." तिनं तीन वेळा ऐकलं. फोन परत दिला. मग हातोडी आणून माझे दोन्ही खिळे उपटले, माझी घडी केली, पेटीत टाकली, वर डांबरगोळ्या फेकल्या आणि झाकण लावलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "मोठीआई, ऐकलंस का माझं गाणं?"

"राँग नंबर," ओझेला म्हणाली. "तुला वाढवणारा रस्ता इथं राहत नाही." आणि ठेवून दिला.

दोन वर्षं मी पेटीत. सोलो मोठा झाला, सोन्याचे दात लावले, फोन करत राहिला. त्यानं भिंतीएवढा टीव्ही पाठवला, तो तिनं चर्चला देऊन टाकला. उंदरानं माझा एक काठ कुरतडला. माझ्यावर कुणी झोपत नव्हतं, माझ्यासमोर कुणी बोलत नव्हतं. पण मला माझी काळजी नव्हती. ओझेला ऐंशीला आली होती, पायऱ्या चढताना तिला लागलेला दम मला पेटीतून ऐकू यायचा. हे भांडण मिटायच्या आधीच ही गेली तर काय करायचं, ह्या विचारानं माझे टाके सैल व्हायचे.

मग जूनमध्ये त्याचा कार्यक्रम ठरला, आमच्याच शाळेच्या मैदानावर. दोन दिवस आधी दार वाजलं.

"कोण पाहिजे?"

"मोठीआई, मी आहे."

"मी म्हणजे कोण? रस्त्याचा मुलगा? रस्ता मागं आहे बघ, दाराबाहेर." असं म्हणाली खरी, पण ताटात चवळी, पालेभाजी आणि मक्याचा पाव वाढल्याचा आवाज मी ऐकला. "गीळ. माझ्या घरात कुणी उपाशी राहत नाही. रस्त्यावर काय चालतं मला माहीत नाही."

दोनच घास त्यानं खाल्ले. उठून तो कपाटाशी गेला. भिंत उघडी, खिळ्यांची भोकं तेवढी. "गोधडी कुठंय?"

"कुठली गोधडी? तुझ्या अंगावर तर रात होती."

शेवटी त्यानं पेटी उघडली. माझ्यात तोंड खुपसलं, डांबरगोळ्यांच्या वासासकट. तीन वर्षांचा असताना रडायचा तसाच रडला. मग चिठ्ठी लिहिली, "मोठीआई, मी खोटं बोललो. चुकलो." खिशात ठेवली आणि मला खुर्चीवर पसरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं खिशात हात घातला. गोळी नव्हती. त्याचीच चिठ्ठी होती, तशीच घडी घातलेली.

ओझेला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "खोटं सगळ्या जगासमोर, आणि खरं खिशात? भोपळ्या, परात फोडलीस तेव्हा सहा वर्षांचा होतास. ज्या आवाजात खोटं बोललास, त्याच आवाजात खरं बोल."

"लोक हसतील गं. त्या एका ओळीवर माझं सगळं उभं आहे."

"मग राहू दे उभं," ती म्हणाली. "मी बसते."

पण कार्यक्रमाला ती आली. जांभळी, पिसाची टोपी घालून पहिल्या रांगेत, शेजारी व्हर्डेल. भर दुपारचं ऊन, मैदान खचाखच, आणि सोलो रंगमंचावर आला तो मला खांद्यावर घेऊन! लोक खिदळले. "अरे, हिवाळा कधी लागला?" त्याच्या घामानं मी चिंब झाले. गाणं सुरू झालं आणि ती ओळ आली. हजारो माणसांनी ती एका सुरात म्हटली, "अंगावर फक्त रात!" त्याच्या छातीची धडधड माझ्या अस्तराला लागत होती. मला वाटलं, संपलं, आता हा नाही बोलत.

त्यानं हात वर केला. मागं मशीनवर बसलेल्या डेक्स्टरनं संगीत बंद केलं.

"ही ओळ खोटी आहे," तो म्हणाला. आवाज फुटत होता. "मला मोठीआईनं वाढवलं. ओझेला टॉल्बर्टनं. अंगावर रात नव्हती. ही गोधडी होती."

पहिल्या रांगेतून आवाज आला, "काय म्हणतोय? ऐकू येत नाही!"

त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

"तोंडात बोळा कोंबलाय का? मोठ्यानं!"

मग तो ओरडलाच. "मला ओझेला टॉल्बर्टनं वाढवलं! ह्याच शाळेच्या भटारखान्यातली! तुमच्यातल्या निम्म्यांना तिनंच जेवू घातलंय! आणि माझं नाव सोलो नाही, ती मला भोपळ्या म्हणते!"

मग मागून एक रखवालदार ओरडला, "ओझेलाबाईंची चवळी!" आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. "भोपळ्या! भोपळ्या!" लोक हसले, हो. पण तसं हसणं कुणाच्या वाट्याला यावं, मित्रांनो. ओझेला टोपी सारखी करत व्हर्डेलला म्हणाली, "भोपळ्या सांगायची काही गरज होती का चारचौघांत?" आणि पदर नाही म्हणून टोपीच्या पिसानंच डोळे पुसले.

तुम्हाला म्हणून सांगते. तिला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. तिचा डावा कान त्याच्याच बाजूला होता.

दुसऱ्या दिवशी खिशात गोळी होती.

ती त्यानं खाल्ली नाही. आधी म्हणाला, जेवण झाल्यावर खातो. मग म्हणाला, उद्या. चार वर्षांनी ओझेला गेली, तेव्हा तो मला अंगावर घेऊन तासन्तास बसला, खिशात हात घालून, पण गोळी काही बाहेर काढली नाही. आता त्याची लेक माझ्यावर झोपते. तिलाही चिठ्ठ्या लिहायची सवय लागलीय. पण ती दुसऱ्या खिशात टाकते. भोपळ्यानं स्वतःच्या हातानं तो माझ्या दुसऱ्या कोपऱ्यावर शिवलाय, आणि त्याचे टाके पाहिले असते तर व्हर्डेलला कोंबडीची माफी मागावी लागली असती.

मी आता विरत चाललेय. काठ सुटलेत, कापूस जागोजागी गोळा झालाय. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी कुणी असेल. तिला उन्हं दाखवा, उंदरांपासून जपा, आणि ती कुणी शिवली हे कुणी विचारलं तर नाव मोठ्यानं सांगा. शिवणारीला एका कानानं कमी ऐकू येत असेल. आणि मला कधी धुवायला काढलंत, तर एवढं करा, निळ्या खिशाला पाणी लावू नका. त्यात एक गोळी आहे, पार विरघळून कापडाला चिकटलेली. ती त्याला अजून खायची आहे.