चौथ्या प्रहराचा मध

"देवश्री, शिवरात्रीले इंदूवर लक्ष ठेवजो बरं," असं सासऱ्यांनी, म्हणजे रत्नाकररावांनी, सांगितलं होतं. "ती उपासबी सोडत नाही अन् शुगरची गोळीबी सोडत नाही." देवश्री "हो बाबा" म्हणाली आणि लेकीच्या, अबोलीच्या वाट्या उकळायला ठेवायला गेली.

तिनं ते मनावर घेतलं नाही, यात तिचा फारसा दोष नव्हता. त्याच सकाळी रत्नाकररावांनी तिला गिझर बंद करून आंघोळ कर, टाकीचं झाकण बघ, चण्याची डाळ पोरीच्या हाती लागू देऊ नको आणि मागच्या दाराशी विंचू निघू शकतो, हेही सांगितलं होतं. विंचू त्या दाराशी आजवर निघालेला नव्हता. रत्नाकरराव जन्मभर वीज खात्यात होते, आणि निवृत्त झाल्यावरही जगातली प्रत्येक वस्तू त्यांना उघड्या तारेसारखीच दिसत असे. रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्या घरात त्यांच्या सूचना पंख्याच्या आवाजासारख्या चालू असत. बंद पडल्या असत्या तरच कोणी वर पाहिलं असतं.

शिवाय देवश्रीजवळची सगळी काळजी आधीच वाटून झाली होती. ती सगळी सव्वा वर्षाच्या अबोलीच्या नावावर होती. देवश्री एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, त्यामुळे तिला जे दिसत नाही त्याचीही भीती वाटे. पोरीचे चमचे ती इतके उकळत असे की नवरा शिशिर म्हणाला, "यार, अब तो सूप बन गया होगा." पाळण्यावर तिनं कॅमेरा बसवला होता. पोरगी झोपली की देवश्री फोनवर तिचं झोपणं पाहत बसे.

इंदूआत्या म्हणजे रत्नाकररावांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शाळेत संस्कृत शिकवलं, आणि आता त्या घरातला देव तिच्या ताब्यात होता. महाशिवरात्र ही तिची रात्र. सूर्य मावळला की संकल्प, मग रात्रीच्या चार प्रहरांना चार अभिषेक: पहिल्याला दूध, दुसऱ्याला दही, तिसऱ्याला तूप, चौथ्याला मध. पाण्याचा थेंबही नाही. आणि संकल्पापासून सूर्योदयापर्यंत मौन.

"झोपायचं काहून नाही, आत्या?" देवश्रीनं लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला विचारलं होतं. तेवढ्यातच तिच्या बोलण्याला रायपूर लागलं होतं.

"आज देव जागा असतो. सगळेच झोपले तर तो बोलंल कोणाशी?"

"पण तुम्ही तर मौनात असता."

"म्हनूनच तर. त्याले बोलू द्यावं."

एम.एस्सी.नं दुधाची वाटी पुढं सरकवली.

मौनातली आत्या खुणांनी घर चालवी. एक चुटकी म्हणजे वात सार. दोन म्हणजे बेल दे. भुवया वर गेल्या म्हणजे कोणीतरी चुकलं आहे, आणि ते बहुधा शिशिर असे. तिच्या मौनाचा पाऱ्यात, म्हणजे त्या मोहल्ल्यात, दबदबा होता. त्या रात्री तिला कोणी काही विचारत नसे. विचारलं तर व्रत मोडतं आणि ते पाप विचारणाऱ्याला लागतं, अशी सगळ्यांची समजूत होती. ही समजूत आत्यानंच पसरवली होती.

त्या संध्याकाळी संकल्पाच्या वेळी आत्यानं पळीभर तीर्थ घेतलं आणि त्याबरोबर काहीतरी तोंडात टाकलं. देवश्रीला वाटलं, बेलाचं पान असावं. तेवढ्यात अबोली निरांजनाकडे रांगत निघाली आणि तो विषय तिथंच राहिला.

दुधाचा प्रहर नीट पार पडला. अबोली झोपली. दह्याच्या प्रहराला शेजारच्या ममता भाभी शाल पांघरून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. रत्नाकररावांनी त्यांना भिंतीतल्या प्लगपासून सरकून बसायला सांगितलं. शिशिर दोन डुलक्या काढून "मैं तो ध्यान कर रहा था" म्हणाला. देवश्री आत्याच्या अगदी बाजूला, पाटाला गुडघा लागेल इतकी जवळ बसली होती आणि मांडीवरच्या फोनमध्ये अबोलीचा श्वास बघत होती. पांघरूण वर गेलं. खाली आलं. पुन्हा वर गेलं.

तुपाच्या प्रहराला आत्यानं बेलाचं पान उचललं आणि रत्नाकररावांच्या गुडघ्यावर वाहिलं.

रत्नाकररावांनी ते अदबीनं उचलून पिंडीवर ठेवलं. आत्यानं दुसरं वाहिलं. तेही गुडघ्यावर. मग ती स्पष्ट आवाजात म्हणाली,

"पोहे दे."

गेल्या कित्येक शिवरात्रींत या घरानं हा आवाज ऐकला नव्हता.

"बोलली," रत्नाकरराव म्हणाले.

"बुआजी पर महादेव आ गए हैं," ममता भाभी कुजबुजल्या आणि शाल डोक्यावर घेऊन हात जोडून पुढं सरकल्या. त्यांच्या मुलीचं लग्न बरेच दिवस अडलेलं होतं. "बुआजी, अभनपुर वाला रिश्ता कर लें क्या?"

"पोहे," आत्या म्हणाली. "अन् नंदीले आत घ्या. थंडी हाय."

भाभींनी तोंडावर हात ठेवला. "लड़के वालों की तो पोहा मिल है!"

"आत्या, और क्या दिख रहा है?" शिशिर पूर्ण जागा झाला होता. त्याचं प्रमोशन अडलं होतं.

देवश्रीनं मान वर केली ती फोन हातात तसाच धरून. पडद्याचा पांढरा उजेड आत्याच्या तोंडावर पडला, आणि ते तोंड चमकत होतं. कपाळ, ओठांवरची जागा, गळा, सगळं घामानं निथळत होतं. बाकी सगळे शाली गुंडाळून बसलेले, पंखा बंद. आत्याचा हात हातात घेतला तर गार, आणि बोटं फांदीवरच्या पानासारखी थरथरत होती.

"आत्या, माझं नाव सांगा."

"काहून? तुले माहीत नाही काय?" आत्या म्हणाली, आणि विचारात पडली. तिलाही माहीत नव्हतं.

तेव्हा देवश्रीला संध्याकाळचं बेलाचं पान आठवलं, आणि बाबांनी सांगितलेली शुगरची गोळीही. तिनं आत्याच्या मांडीवरची जपाची गोमुखी उलटी केली. रुद्राक्षांच्या माळेबरोबर गोळ्यांची पट्टी खाली पडली. सकाळची जागा रिकामी, रात्रीचीही रिकामी. दिवसभर अन्नाचा कण नाही आणि दोन्ही वेळच्या गोळ्या पोटात. तीर्थानं उपास मोडत नाही. म्हणून आत्यानं गोळ्या तीर्थाबरोबर घेतल्या होत्या.

"साखर!" देवश्री ओरडली, आणि ओरडतानाच तिची नजर पाटावरच्या चौथ्या वाटीवर गेली. तिनं ती उचलली.

"अरे, वो चौथे प्रहर का है!" शिशिर म्हणाला. त्याला स्वतःलाही हे का बोललो ते नंतर सांगता आलं नाही.

देवश्रीनं बोटभर मध आत्याच्या ओठांशी नेला. आत्यानं दात आवळले. स्वतःचं घर, सून, साल, काहीच तिला आठवत नव्हतं, पण आपला उपास आहे हे आठवत होतं. तिनं तोंड फिरवलं. भुवया वर गेल्या. चुटकी वाजवायला गेली, ती वाजली नाही, आणि मान छातीकडे झुकू लागली.

"बाबा, आत्या घेत नाहीत हो!"

ज्या माणसाला आयुष्यभर धोके दिसले, त्याला या क्षणी एकच गोष्ट दिसली. "पिंडीवर टाक," रत्नाकरराव म्हणाले. "तीर्थ कर त्याचं."

देवश्रीनं वाटी पिंडीवर ओतली. मध तुपावरून, दह्यावरून, बेलाच्या पानांवरून घरंगळत शाळुंकेच्या तोंडाशी आला. तिथं तिनं पळी धरली. चमचे उकळणारी, दूध गाळणारी, दारातून येणाऱ्याचे हात धुवायला लावणारी ती बाई होती. तिनं ती पळी जशीच्या तशी आत्याच्या तोंडाशी नेली.

"आत्या, तीर्थ आहे."

आत्यानं उजवा हात डाव्या हातावर ठेवायचा प्रयत्न केला आणि तोंड उघडलं.

एक पळी. गिळली. दुसरी. रत्नाकररावांनी स्वतःचं शुगरचं मशीन आणलं. त्यावरचा आकडा पाहून शिशिर एकदम मराठीत "आई गं" म्हणाला आणि गाडी काढायला धावला. ममता भाभी न सांगता अबोलीच्या पाळण्याशी जाऊन बसल्या. देवश्री मागच्या सीटवर आत्याला घेऊन बसली आणि दवाखाना येईपर्यंत तिनं फोनकडे एकदाही पाहिलं नाही.

दवाखान्यात सलाईन लागलं. थोड्या वेळानं आत्यानं डोळे उघडले, खोली पाहिली, सून पाहिली, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

"माताजी, नाम बताइए," तरुण डॉक्टर म्हणाला.

आत्या गप्प.

"ये कौन हैं? बेटी है? बहू है?"

आत्या गप्प. डॉक्टरच्या चेहऱ्यावर काळजी दिसू लागली. "घर पर तो बोल रही थीं ना?"

"हव," रत्नाकरराव म्हणाले. "तब होश नहीं था. अब होश है, इसलिए नहीं बोल रही."

डॉक्टरनं आत्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला. आत्यानं भुवया वर केल्या. त्या पाहून देवश्री रडायला लागली, आणि काही केल्या तिला थांबता येईना.

खिडकीत सूर्य आला तेव्हा आत्यानं पलंगावरूनच अर्घ्य दिल्यासारखे हात केले आणि पहिलं वाक्य बोलली. "मध सगळा सांडला काय गं?"

"हो."

"चौथा प्रहर राहिला मग." लगेच तिनं विचारलं, "मी बोलली तर नाही ना काही?"

देवश्रीनं रत्नाकररावांकडे पाहिलं. रत्नाकररावांनी सलाईनच्या नळीकडे पाहिलं.

"नाही आत्या. एक शब्द नाही."

अबोलीनं रात्रभरात एकदा कूस बदलली होती. त्याचं रेकॉर्डिंग आहे. ममता भाभींच्या मुलीचं अभनपुरात जमलं.

डॉक्टरनं उपासाच्या दिवशीची गोळी बंद केली आहे. निर्जळा उपासही करायचा नाही असं सांगितलं आहे. आत्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणजे ती ते पाळणार नाही.

यंदाच्या शिवरात्रीला देवश्री रायपुरात नाही. शिशिरचं प्रमोशन झालं आणि बदली जगदलपूरला. देवघरात कॅमेरा लावू, असं सुचवून तिनं तो लावूनही पाहिला. तो आत्यानं सोवळ्याच्या वस्त्राखाली झाकून ठेवला आहे. रत्नाकरराव तिथं आहेत, सांगतीलही, पण विंचवाचंही सांगतील.

तेव्हा त्या रात्री तुमच्यापैकी कोणी तात्यापाऱ्याकडे असाल, तर देवश्रीचं एवढं काम करा. दार उघडंच असतं. आत जा. आत्याला काही विचारायचं तर विचारा, पाप लागत नाही. ती बोलली नाही तर चांगलंच आहे. पण कपाळाला हात लावून पाहा. कोरडं असलं तर नमस्कार करून परत या. ओलं असलं, किंवा तिनं पोहे मागितले, तर मध पाटावर उजवीकडे असतो. आधी पिंडीवर ओता, नाहीतर ती घेणार नाही. आणि गोमुखी तेवढी उलटी करून बघा. मग देवश्रीला फोन करा. ती जागीच असेल.