नदीबाईच्या बांगड्या

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गेल्या सोमवारी मी जे ऐकले, त्याचा धक्का अजून माझ्या फितीतून गेलेला नाही. पण तो कळायला आधी माझा जन्म ऐकावा लागेल.

दवनीवाड्याला टिकाराम ढोलकीवाल्यांचे दंडार मंडळ होते. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. त्या जत्रेत दंडार, म्हणजे नाचगाण्याचे नाटक, होते. बायकांची कामे तेव्हा पुरुषच करत. मंडळातले योगराज लुगडे नेसून सून व्हायचे आणि माहेरचा निरोप नदीला सांगायचे. हे ‘नदीबाई’चे गाणे ऐकायला लोक बैलगाड्या जुंपून येत.

१९८७ साली गोंदियातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, ते गाणे माझ्यावर भरायचे ठरले. नेमका त्याच दिवशी योगराजांचा घसा बसला. ओळीने पाच गावच्या मंडया झाल्या होत्या. दुकानदार दुसरा दिवस द्यायला तयार नव्हता. टिकारामांची बायको रुख्मा बांगड्या भरायला म्हणून सोबत आली होती. तालमी तिच्याच अंगणात होत, आणि धान उकडताना ती हेच गाणे गुणगुणायची. टिकारामांनी तिला माइकसमोर बसवले. तिने पदर पुढे ओढला, डोळे मिटले आणि ती एका दमात गायली. मी तोवर कोरी होते. माझ्यावर पडलेला तो पहिला आवाज.

लेबलवर मात्र छापले, ‘गायक : योगराज’. बाई दंडारीत गायली हे कळले तर गाव हसेल, अशी टिकारामांना भीती. घरी आल्यावर त्यांनी रुख्माला सांगितले, की यापुढे अंगणातही गुणगुणू नको, कोणी आवाज ओळखेल. रुख्माने ऐकले.

मी खूप वाजले. चहाच्या टपरीत, ट्रॅक्टरवर, लग्नाच्या मांडवात, नागऱ्याच्या यात्रेत. माझ्यावरून शेकडो कॅसेटी निघाल्या. योगराजांना शाली मिळाल्या. मी वाजत असले की रुख्मा अंगणात झाडू धरून नुसती उभी राहायची, आणि कोणी आले की झाडायला लागायची.

पुढे कॅसेटींचे दिवस गेले. मी ट्रंकेत पडून राहिले. फितीला बुरशी आली.

गेल्या महिन्यात टिकाराम-रुख्माच्या नातीने, अंजूने, मला बाहेर काढून पुसले. जुने मंडळ जमवायचे, जुनी गाणी नव्याने भरून मोबाइलवर टाकायची, असे तिने ठरवले होते. सोमवारी सगळे गोंदियाच्या स्टुडिओत गेले. रुख्मा डबा घेऊन सोबत होती, आणि मी अंजूच्या पर्समध्ये.

टिकारामांची थाप तशीच होती. योगराजांचा आवाज मात्र वरच्या ओळीला तीनदा फाटला. पेटीवाले भैयाजी म्हणाले, “आता लुगडं नेसलास तरी नदीबाई नाई, नदीबुढी होशीन बे.” सगळे हसले. योगराज हसले नाहीत.

मशीनवर बसलेल्या वीरेंद्रने त्यांना धीर दिला. “टेन्शन मत लो, दादाजी. या कॅसेटमधूनच आवाज काढतो. पुराना आवाज, नया म्यूझिक. नाव तुमचंच.”

त्याने मला लावले. कॉम्प्युटरने ढोलकी, पेटी, झांज एकेक करून बाजूला केली. मित्रांनो, मी स्वतः हादरले. अडतीस वर्षांत तो आवाज असा एकटा मी कधी ऐकला नव्हता. आणि त्याच्या मागे बांगड्या किणकिणत होत्या.

अंजूने टिकारामांना विचारले, “आबाजी, योगराजदादानं रेकॉर्डिंगले बी बांगड्या घातल्या होत्या का?”

“हो न, सवय होती त्याले,” टिकाराम घाईने म्हणाले.

योगराजांनी कानावरचे हेडफोन काढले. “नाई. हा आवाज मावा नाई. तुव्या आजीचा आहे.”

“आता कायले काढतोस ते?” टिकाराम म्हणाले.

“काऊन की नाव पुन्हा मावंच लागून राहिलं. अडतीस वर्सं मी तिच्या शाली पांघरून राहिलो, टिकाराम.”

वीरेंद्रचा हात माउसवर तसाच राहिला. भैयाजी त्या जुन्या रेकॉर्डिंगलाही खोलीत होते, त्यांनी मान खाली घातली. अंजू आजीकडे बघतच राहिली. तिच्या कुशीत ती लहानाची मोठी झाली होती.

“आजी, तू मले एक अंगाई बी नाई म्हटली कधी.”

रुख्मा डब्याचे झाकण लावत म्हणाली, “म्हटली असती त आवाज ओळखू आला असता न.”

टिकारामांनी ढोलकीच्या कड्या सैल केल्या, सूर दोन पट्ट्या खाली आणला आणि तिच्यासाठी माइकसमोरची खुर्ची पुढे ओढली. ती गायली. वरच्या ओळीला तिचाही आवाज फाटला. वीरेंद्र पुन्हा घेऊ म्हणाला. ती म्हणाली, “राहू दे.”

माझ्या लेबलवरचे नाव योगराजांनी स्वतः बॉलपेनने खोडले आणि वर ‘रुख्मा’ लिहिले.

मित्रांनो, जुन्या कॅसेटी फेकण्याआधी एकदा ऐका. माझ्यावर चुकीचे नाव होते आणि मला ते सांगता येत नव्हते. तुम्हाला विचारता येते. घरात कोणी गाता गाता गप्प झाले असेल, तर का, ते विचारा.

आज सकाळी रुख्मा अंगण झाडत गुणगुणत होती. दूधवाला आला, शेजारीण आली. गाणे थांबले नाही.