राजकुमारचा वाडगा

दुसऱ्यांदाही दोन्ही नाणी छापाच पडली.

लाननं ती ताटलीतून उचलून ओढणीला पुसली, जणू पुसल्यानं त्यांचं मन बदलणार होतं. समोर फळीवर राजकुमारचा फोटो, एक उदबत्ती आणि वाफाळता वाडगा: कोंबडीच्या हाडांचा रस्सा, तांदळाच्या शेवया, वर मूठभर कोथिंबीर. औरंगपुऱ्यातल्या या नव्या हॉटेलचं शटर अर्धंच वर होतं. अकराला उद्घाटन होतं.

"वहिनी, नाणीच ती. कशीबी पडत्यात," स्वयंपाकघर सांभाळणारी करुणा म्हणाली.

"तीनदा विचारायचं असतंय. एकदा राह्यलंय."

व्हिएतनाममध्ये लानच्या आईनं तिला हे शिकवलं होतं. नवं काही सुरू करताना घरातल्या गेलेल्या माणसाला आधी जेवू घालावं, मग दोन नाणी टाकून विचारावं. एक छापा, एक काटा आला तर होकार. दोन्ही सारखी आली तर नकार. तिसऱ्यांदाही नकार आला तर किल्ल्या जागामालकाला परत द्यायच्या, असं लाननं ठरवलं होतं. करुणाच्या मते हा शुद्ध वेडेपणा होता, पण मालकिणीपुढं शहाणपण चालत नाही.

पंधरा वर्षांपूर्वी लान अजिंठा बघायला आलेल्या यात्रेकरूंची स्वयंपाकीण म्हणून या शहरात आली. राजकुमार त्यांची बस चालवायचा. लग्न झालं, गारखेड्यात तिचा गाडा लागला. हे शहर झणझणीत मटणाचा नान-खलिया खाणारं. लोक वाडग्यात डोकावून विचारायचे, आजारी माणसाचं जेवण आहे का? राजकुमार म्हणायचा, "खाऊन तर बघा, दुखणं पळतंय." दुखणी पळाली की नाही कोण जाणे, पण गाड्याचं हॉटेल झालं.

मग एका पहाटे कोथिंबीर संपली. लाननं झोपेतल्या नवऱ्याला उठवून मोटारसायकलवर जाधववाडीच्या बाजारात पाठवलं. येताना त्याला ट्रकनं उडवलं. पोलिसांनी तिच्या हातात दिलेल्या पिशवीत दोन जुड्या होत्या, पानांवर पाण्याचे थेंब तसेच.

तेव्हापासून कोथिंबीर ती स्वतः आणायची, स्वतः चिरायची. सुरी चालू असताना मागं त्याच्या मोटारसायकलीचा आवाज यायचा. वळून पाहिलं की थांबायचा, म्हणून तिनं वळणंच सोडलं होतं. दर वर्षी त्याच्या स्मृतिदिनी ती वाडगा ठेवायची, पण काही विचारायची हिंमत सात वर्षांत झाली नव्हती. आज झाली, आणि आज तो नाही म्हणत होता.

शटरखालून कुणीतरी वाकून आत आलं. पांढरं लुगडं, हातात पिशवी. लानच्या सासूबाई, गीताबाई.

लान उभीच राहिली. एका घरात राहूनही सासूनं तिच्या हॉटेलात कधी पाऊल टाकलं नव्हतं. "कोथिंबिरीपायी गेला माझा लेक," एवढंच त्या एकदा म्हणाल्या होत्या, आणि ते वाक्य घराच्या भिंतींनी धरून ठेवलं होतं. शिवाय हा वाडगा त्यांना मान्य नव्हता. मेलेल्याला जेवू घालायचं नाही, श्राद्ध करायचं नाही, ही त्यांनी धम्मदीक्षेत घेतलेली प्रतिज्ञा. बुद्ध दोघींचा एकच, पण या वाडग्यापाशी आला की दोन व्हायचा.

"घरात एकटीला बसवंना," गीताबाई म्हणाल्या. "चष्मा बी तिथंच राह्यला. करुणा, पाटीवर काय लिवलंय गं?"

"राजकुमार, आजी. मोठ्या अक्षरात."

गीताबाई फळीजवळ गेल्या, वाडग्यावर वाकल्या आणि त्यांनी नाक आक्रसलं.

"हे कुणासाठी?"

"त्यांच्यासाठी."

"कोथिंबीर?" गीताबाईंनी तिच्याकडं पाहिलं. "त्याला तर वास बी सहन व्हायचा नाय. लहानपणापासून. ताटात दिसली तर उठून जायचा. म्हणून तर आपल्या कालवणात मी कधी घालीत नाय."

लानला आधी समजलंच नाही.

"आई, माझ्यासमोर रोज खायचे. वरून अजून मागून घ्यायचे."

"रोज?"

"रोज. आठ वर्षं."

गीताबाई खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिल्या. चष्म्याशिवाय त्यांना त्यातलं किती दिसत होतं, कोण जाणे. लानला रडू फुटलं. सात वर्षं ती त्याला जेवू घालत होती, आणि तो उपाशी उठत होता.

गीताबाईंनी वाडगा पुढ्यात ओढला. बोटं पोळत असताना एकेक हिरवं पान काढून त्या तळहातावर ठेवत गेल्या. रस्सा निवळ झाला तेव्हा वाडगा पुन्हा फळीवर ठेवला.

"आता टाक."

"आई, तुमची प्रतिज्ञा..."

"प्रतिज्ञा माझी हाय. वाडगा त्याचा हाय. टाक."

लाननं डोळे मिटून नाणी टाकली. एक ताटलीत थांबलं: छापा. दुसरं काठावरून उडालं, फरशीवर घरंगळत गेलं आणि गीताबाईंच्या पायाशी जाऊन पडलं.

गीताबाई वाकल्या. नाणं उचलून त्यांनी डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग मूठ मिटली.

"काटा हाय," त्या म्हणाल्या.

करुणानं लानकडं पाहिलं. लाननं करुणाकडं पाहिलं नाही. सासूची मूठ घट्ट मिटलेली होती, आणि दुसऱ्या तळहातावर ती ओली पानं अजून तशीच होती.

"काटा," लान म्हणाली, आणि शटर वर करायला गेली.